फोनवरचं गिऱ्हाईक

"महिनाभरात तुमच्या जाहिरातीनं एक गाडी खपली नाही, मॅडम. एक!" मेहुणे कडाडले.

मेहुणे म्हणजे शोरूमच्या मालकांच्या बायकोचे धाकटे भाऊ. गाड्यांच्या विक्रीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. निदान खुर्ची तरी त्यांच्याकडे.

जाहिरातवाल्या बाईला सगळं ठाऊक होतं. जाहिरात बघून लोक फोन करत होते आणि इथे तो कुणी उचलतच नव्हतं. तिनं स्वतः गिऱ्हाईक होऊन करून पाहिला होता. पण बोलायची सोय आहे का? बोलावं तर मेहुण्यांचं नाक कापलं जाणार, गप्प बसावं तर काम जाणार. आणि हे काम गेलं की तिच्या दोन खोल्यांच्या ऑफिसला टाळंच लागणार.

"मग काय करू या म्हणतोस?" मालकांनी विचारलं.

"बंद करा, दाजी. सरळ बंद."

तेवढ्यात केबिनच्या काचेपलीकडे काउंटरवरचा फोन वाजला. वाजतच राहिला. शेजारी उभे असलेले दोघे विक्रेते रस्त्याकडे तोंड करून दाराची राखण करत होते.

"अरे, कुणी घेत का नाही?" मालक म्हणाले.

"फोनवरचं गिऱ्हाईक नुसता भाव विचारतं हो. खरं गिऱ्हाईक दारातून येतं. मीच सांगून ठेवलंय, फोनच्या नादी लागू नका म्हणून."

धन्य! आणि हे अगदी छाती फुगवून.

मालक उठून काउंटरपाशी पोचेपर्यंत फोन थांबला. त्यांनी तोच नंबर उलट लावला. चष्मा केबिनमध्ये राहिला होता, बटण भलतंच दाबलं गेलं आणि पलीकडचा आवाज शोरूमभर घुमला.

"आत्ता जाग आली होय? जाहिरात तुमची बघून निघालो होतो. म्हटलं, शेवटचा एक फोन करू. नाही उचललात, तेव्हा इथे तुमच्या समोरच्या शोरूममध्ये सही ठोकली. ठेवा आता!"

मेहुण्यांनी केबिनच्या दारातूनच विक्रेत्यांवर डोळे वटारले. मालकांचे कान लालबुंद झाले होते. तोंडावर आलेली शिवी त्यांनी गिळली. संध्याकाळी घरी जायचं होतं, आणि घरी या भावाची बहीण होती.

ते बाईला दारापर्यंत सोडायला आले. आजवर कधी आले नव्हते.

"काम चालू ठेवा," ते हळूच म्हणाले. "जाहिरातीत नंबर तेवढा माझा टाका. माझा मोबाईल."

"आणि साहेबांचं काय?"

मालकांनी मागे वळून पाहिलं. मेहुणे काउंटरला रेलून विक्रेत्यांची हजेरी घेत होते.

"त्याचा फोटो टाका," मालक म्हणाले. "मोठा टाका."