आपण करू की!

"आपण करू की स्वयंपाक! त्यात काय एवढं?" नवरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "घर मस्त आहे. समुद्र दोन पावलांवर. गॅस, फ्रिज, कुकर. मिक्सरसुद्धा आहे!"

जणू समुद्र रोज तो मिक्सर बघायलाच किनाऱ्यावर येत होता.

ती मुलीच्या केसांतला गुंता सोडवत होती. तिचा हात थांबला. "आणि ते हॉटेल? नाश्ता-जेवण सगळं तिथेच होतं. खोल्या आहेत म्हणालास सकाळी."

"दोनच उरल्यात. ऐन सीझन आहे. पण आईचं काय? आईला बाहेरचं चालत नाही."

लग्न झाल्यापासून प्रत्येक सहलीला हेच मांजर आडवं जायचं. सासूबाई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. यावर त्या कधीच बोलत नसत. त्यांचं पोटच त्यांच्या वतीने बोलतं, असं तिला वाटे आणि तळपायाची आग मस्तकात जाई.

या घरात 'आपण' म्हणजे कोण, हे तिला फार लवकर कळलं होतं. आपण पहाटेच निघू. आपण वाटेत खायला काहीतरी करून घेऊ. आपण पोरीचे ओले कपडे तिथेच धुऊन टाकू. आपण म्हणजे ती.

मागच्या उन्हाळ्यातही असंच घर होतं. ऐन सीझनला मिळालं म्हणून नवरा हवेत होता. ओट्यासमोरच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसायची. समुद्र नुसता ऐकू यायचा, आणि त्यात पोरीचा आवाज. तो आवाज थांबला की ती पिठाच्या हातांनी दारापर्यंत धावायची. बाप पाण्याजवळ फोनवर बोलत असायचा. पोर दिसली की जीव भांड्यात पडायचा, तोवर इकडे भांडं उतू गेलेलं असायचं. लेक लाटेला पहिल्यांदा घाबरली, मग हसली. तिने ते रात्री व्हिडिओत पाहिलं, सगळ्यांची ताटं वाढता वाढता.

"आपण म्हणजे कोण रे?" तिने विचारलं.

"आपण म्हणजे आपण. सगळे."

"मला मागच्या वेळची ती शेजारच्या घराची भिंत पाठ आहे. कुठे पोपडे आलेत, कुठे ओल आहे, सगळं सांगते. समुद्राचं मात्र विचारू नकोस."

"झालं सुरू! अगं, मी काय माझ्या जिभेसाठी म्हणतोय का? आईसाठी म्हणतोय. आणि तिच्यासमोरच हे..." त्याने आवाज खाली आणला. "इथे लोक टपून बसलेत. हेही घर जाईल. करतो मी बुक."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल होता. "मला बाहेरचं चालत नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

तो हसला. "कोणी म्हणजे? बाबा नेहमी म्हणायचे."

"ते म्हणायचे. मी कधी म्हटलं?"

तो आठवायला लागला. तीही आठवायला लागली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं, नणंदेच्या तोंडून ऐकलं होतं. सासूबाईंच्या तोंडून एकदाही नाही. आणि मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडताना, एकदा त्यांनाच विचारावं, हे तिलाही सुचलं नव्हतं.

"डोंगरावर गेलो, तळ्यावर गेलो," सासूबाई म्हणाल्या. "जाऊ तिथे स्टोव्ह बरोबर. हिला निदान भिंत आठवते. मला स्टोव्हची पिनच आठवते."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "मग... हॉटेल घेऊ का?"

"छे छे, घरच घे. मिक्सरसुद्धा आहे म्हणतोस." त्यांनी टॉवेलची घडी पुरी केली, तो सुनेच्या मांडीवर ठेवला, त्यावर नातीचा छोटा टॉवेल, त्यावर स्वतःचा. "आपण करू म्हणालास ना स्वयंपाक? कर. आम्ही तिघी समुद्रावर असू."