वाऱ्याच्या तोंडाला

भावाला विष पाजल्याबद्दल सुखदेवला जन्मठेप झाली होती. भाऊ शेतात औषध फवारता फवारता पडला, हे कोर्टात कोणी मानलं नाही. पॅरोलवर सुटला तो परत गेलाच नाही. आता दर्यापूरकडे मजुरी करत होता.

आज कपाशी फवारताना त्याचा जोडीदार दिगांबर कोसळला. तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम. विषाची केस म्हटली की दवाखान्यात पोलीस येतात, हे सुखदेवला माहीत होतं. तरी त्याने दिगांबरला जीपमध्ये घातलं आणि सोबत बसला.

"औषध प्यायला का हा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही जी. सकायपासून फवारून राह्यला होता. उघड्या अंगानं, वाऱ्याच्या तोंडाले."

"मग बरोबर. प्यावंच लागतं असं नाही, कातडीतूनही भिनतं. वेळेवर आणलंत, वाचेल."

सुखदेव बाकावर टेकला.

"हे आता नवीन सापडलं काय, मॅडम?"

"छे हो, जुनंच आहे. आम्हाला कॉलेजात शिकवतात."

"अस्सं," सुखदेव म्हणाला.

तेवढ्यात जबाब घ्यायला हवालदार आले.

"याले कोनं आनलं? तू काय? नाव सांग."

बाजूचं दार उघडंच होतं. सुखदेव बाकावरून उठला नाही. त्याने खरं नाव सांगितलं, गावही सांगितलं. मग हवालदारांकडे बोट करून डॉक्टरबाईंना म्हणाला,

"मॅडम, ते कातडीचं एकडाव यायलेबी सांगा."