अडलेलं पिल्लू

खुडूक कोंबडीला मांजरानं नेलं, म्हणून वच्छलाबाईनं तिची अंडी खोक्यात बल्बखाली ठेवली होती. आज एक पिल्लू अर्धं कवच फोडून अडलं. सकाळपासून नुसती चोच हलत होती.

"राहू दे व बाई, निघन आपोआप," शेजारीण म्हणाली.

वच्छलाबाई भडकली. "मुका जीव कवाचा तडफडून राह्यला, दिसत नाई काय तुले?"

कोमट पाण्याचा बोळा फिरवत तिनं नखानं कवचाचा एकेक तुकडा सोडवला. पिल्लू बाहेर आलं, तसे तिचे डोळे भरले.

तेवढ्यात तिचा योगेंद्र धावत आला. "माय, जीप आणली. रक्षाले कालपासून कळा येऊन राह्यल्या, आता तरी सावंगीच्या दवाखान्यात नेऊ दे."



पिल्लू पदरात घेत ती म्हणाली, "तुयीच बायको जगावेगळी हाय काय? होईन आपोआप."