नवा तक्ता

"डावा डोळा झाका, बाबा. आता उजव्याने वरून वाचायला लागा."

लेकीने सांगितलं तसा बाबांनी तळहाताने डोळा झाकला आणि घडाघडा वाचून दाखवलं. ग. मग ट, प. मग म, ल, न. अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत गेले. कुठे अडखळणं नाही, डोळे किलकिले करणं नाही. पण वरचा ठळक ग सोडला तर त्यांनी वाचलेल्या ओळींतली एकही भिंतीवर नव्हती.

भिंतीवर नवा तक्ता होता. जुना सगळ्या ड्रायव्हरांना पाठ झालेला. बाहेर रांगेत बसल्या बसल्या ते एकमेकांना अक्षरं पुरवायचे. तक्ता बदला, तक्ता बदला म्हणून तिनेच वर्षभर साहेबांच्या मागे भुणभुण लावली होती, आणि आज सकाळी नवा आल्याबरोबर स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने टांगलाही होता.

बस कंपनीच्या या डोळे तपासणीच्या खोलीत लागून तिला दीड वर्ष झालं होतं. वय चोवीस. मतं मात्र इतकी, की शेजारीपाजारी वाटली तरी उरली असती. काम असं करावं की पाठ टेकताच झोप लागावी. ओळखीने काही मिळवू नये, मग ती खिडकीजवळची जागा का असेना. प्रवासाला निघावं तर परतीचं तिकीट न काढता. बाबा तिला वकीलबाई म्हणत. परतीचं तिकीट न काढणाऱ्यांनाही शेवटी घरी कोण आणून सोडतं, तर ड्रायव्हरच ना, असं म्हणून हसत.

आज त्यांची वर्षाची तपासणी होती. तुझ्या बाबांना मी तपासू का, असं बरोबरच्या सहकाऱ्याने सकाळी भल्या मनाने विचारलं होतं. त्यावर ती फणकारली होती. का म्हणून? घरचा असो की दारचा, पट्टी एकच. झालं, आता ती पट्टी हातात धरून तीच उभी होती.

बाबांनी हे कुठे पाठ केलं ते तिला विचारायची गरज नव्हती. ती डोळे तपासायचं शिकत होती तेव्हा इथल्या जुन्यासारखाच एक तक्ता घरी स्वयंपाकघराच्या दाराला लावलेला असे. ड्यूटीवरून दमूनभागून आलेले बाबा चहाचा कप हातात घेऊन समोरच्या खुर्चीत बसत आणि तिचे पेशंट होत. दोन वर्षं, जवळजवळ रोज. शेवटी शेवटी तर ते डोळे मिटूनही सगळ्या ओळी म्हणून दाखवायचे आणि तिला हसू आवरायचं नाही.

"बाबा, तक्ता बदललाय."

त्यांचा हात डोळ्यावरून खाली आला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"ग दिसतो," ते म्हणाले. "त्याच्या खाली नुसतं धुकं."

तिने त्यांच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली आणि एकामागून एक भिंगं घालून पाहिली. दोन्ही डोळ्यांची तीच गत. चष्म्याने भागणारं हे दुखणं नाही, हे तिला पाचसहा भिंगांतच कळलं होतं. पुढची दहा तिने नुसत्या आशेवर लावली.

हे कधीपासून, तिने विचारलं. झाले असतील सातआठ महिने. आईला माहीत आहे? नाही. आणि गाडी? रोज काढतो की, बाबा म्हणाले, भरलेली असते. तिला त्यांचा राग आला, मग कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाही राग आला.

बाबा खालच्या आवाजात बोलायला लागले. तीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. आता निवृत्तीला अडीच वर्षं राहिलीत. चाक काढून घेतलं तर डेपोतल्या बाकावर बसायचं आणि दुसऱ्यांच्या गाड्या निघताना बघायच्या. तसं बसलेले दोघेतिघे त्यांनी पाहिले होते. त्यांच्याशी कुणी नीट बोलतसुद्धा नाही, म्हणाले.

"रस्ता पाठ आहे गं मला. वळण न् वळण."

"तक्ताही पाठच होता, बाबा."

ती बोलून गेली आणि तो शब्द तिलाच लागला. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

टेबलावर फॉर्म होता. पात्र, अपात्र, दोन चौकटी. पहिलीत एक खूण केली असती तर या खोलीबाहेर कुणाला कळलं नसतं. आजवर तिने आपली तत्त्वं पुष्कळांना ऐकवली होती, पण ते सगळे परके. त्यांतल्या कुणाची पँट तिने आदल्या दिवशी इस्त्री केलेली नव्हती. बाबा काहीच मागत नव्हते. मागितलं असतं तर नाही म्हणायला तरी सोपं गेलं असतं. ती खाली मान घालून बसली, आणि डोळ्यांसमोर सारखी ती गाडी यायला लागली, भरलेली.

तिने दुसऱ्या चौकटीत खूण केली. खाली दोन्ही डोळ्यांचे आकडे लिहिले, मोठ्या इस्पितळात दाखवावं असं लिहिलं, आणि फॉर्म त्यांच्याकडे फिरवला.

"इथे तुमची सही लागते. निकाल समजला म्हणून."

बाबांनी पेन घेतलं. फॉर्म लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला, आणि पुन्हा टेबलावर ठेवला.

"कुठे करू?"

तिने रेघेवर बोट ठेवलं. त्या बोटाच्या कडेने बाबांनी सावकाश सही केली. अर्धी कागदावर आली, अर्धी तिच्या नखावर.