उंबऱ्यावरची पट्टी

दवाखान्यातून फोन आला, तेव्हा तो मोटारहोमच्या, त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, पायऱ्यांवरचं झिजलेलं रबर उपटत होता. बायको घरी आल्यावर घसरू नये, एवढंच डोक्यात होतं.

बायको गेल्यानंतर महिन्याभराने मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येतंय. काम उरका आता."

त्याने दोन्ही पायऱ्यांवर नवं, खरखरीत रबर चिकटवलं. सकाळी खालच्या पायरीची डावी कड गुळगुळीत झाली होती. आत शिरताना बायको तिथेच पाय घासायची.

दुसऱ्या सकाळी वरची पायरीही तशीच.

"बाबा, नवं म्हणून कुणी जुनंच गळ्यात मारलं की काय?"

त्याने झिजल्या जागेवर तळवा टेकला. रबर कोमट होतं.

रविवारी त्याने गिऱ्हाईकाला परत पाठवलं. वरच्या पायरीनंतर दाराचा उंबरा येतो. तिथली पट्टी अजून लावायची राहिली आहे.