अरुंधती दाखवताना

संध्याकाळी पावणेआठला कार्यालयाच्या गच्चीवरचे दिवे मालवले आणि गुरुजींनी नव्या जोडप्याला उत्तरेकडे तोंड करून उभं केलं. सप्तर्षी चांगलेच वर आले होते. "दाखवा नवरीला वसिष्ठ, आणि त्याला खेटून असलेली अरुंधती," गुरुजी म्हणाले.

नवऱ्यानं बोट वर केलं. "ती बघ." तेजलला अरुंधती केव्हाच दिसली होती. त्याचं बोट मात्र पाण्याच्या काळ्या टाकीवर रोखलेलं होतं.

"वहिनी, टाकीत पडलीय वाटतं अरुंधती," त्याचा मित्र म्हणाला आणि सगळे हसले. तेजलनं हळूच विचारलं, "तुम्हाला कुठला तारा दिसतोय?"

"एकही नाही." त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला. "दिवाळीपासून अंधारात काही दिसत नाही मला. कुणाला बोलू नकोस, नोकरी जाईल."

तो रात्रीच्या लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता.

खाली पंगत बसली. तेजलचे वडील व्याह्यांना कौतुकानं सांगत होते, "परवा पूजा उरकली की रात्री आम्ही दोघं जावईबापूंच्याच गाडीनं लातूरला निघणार. अगदी पुढच्या जागा धरल्यात."

"बाबा, दिवसाची गाडी घ्या ना," तेजल म्हणाली.

"का गं?"

नवऱ्यानं घास तसाच हातात धरला. पंगत उठली तरी तेजलनं उत्तर दिलेलं नव्हतं. तिकिटं अजून रात्रीच्याच गाडीची आहेत.