दोन पिनांचं कुलूप

तिने सरावाच्या कुलपाचं पोट उघडलं आणि ते दुकानातल्या टेबलावर उपडं केलं. आत पाच पिना असायला हव्या होत्या. पडल्या दोनच.

दुसरं उघडलं. त्यातही दोन. तिसऱ्यात तर एकच, तीही झिजलेली.

पलीकडे तिचे वडील किल्ली घासत होते. त्यांनी मशीन बंद केलं.

"बाबा, यातल्या बाकीच्या पिना कुठायत?"

वडिलांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "मीच काढल्या. शिकताना जरा सोपं जावं म्हणून."

"जरा?"

हीच कुलपं ती महिनाभर किल्लीशिवाय, नुसत्या तारेने चुटकीसरशी उघडत होती. दर वेळी बाबा म्हणायचे, "अगं, तुझा हात तर माझ्याहून हलका!" घरी आपल्या बाळाला घास भरवतानासुद्धा तिची बोटं नकळत तार फिरवत असायची. आज सकाळी ती पहिल्यांदा एकटी गिऱ्हाइकाच्या दारी गेली. किल्ली हरवलेली म्हातारी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन जिन्यात बसली होती. हिने घाम निथळेपर्यंत खटपट केली. कुलूप ढिम्म. शेजारीपाजारी जमले. शेवटी म्हातारीच म्हणाली, "राहू दे गं बाळ, वडिलांनाच पाठव."

बाबा गेले आणि उघडून आले.

"पहिल्याच दिवशी पाच पिनांशी झोंबली असतीस तर हात टेकले असतेस," वडील म्हणाले. "आधीच बाळाच्या जागरणांनी बेजार झालेली तू. लेकीचा हिरमोड बघवतो का कुणाला?"

"आणि आज जिन्यात माझी शोभा झाली, ती?"

वडिलांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

"म्हणजे ही सगळी वशिल्याची कुलपं. तुम्ही मला शिकवत नव्हताच बाबा. लहान मुलासारखी माझी समजूत काढत होता."

तिने फळीवरचं एक कोरं, पाचही पिनांचं कुलूप खाली घेतलं. सवयीने बाबांचा हात पुढे झाला. "थांब, यातली एक तरी पिन काढून..."

"हात लावू नका."

ती त्यांच्याकडे पाठ करून बसली. एक पिन वर बसवावी तर दुसरी निसटे. दोन बसवाव्यात तर हात घसरे आणि सगळ्याच खाली येत. पुन्हा पहिल्यापासून. तार बोटात रुतली. जेवणाची वेळ टळून गेली. रागाने दाबलं की कुलूप जास्तच आवळतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिच्या बोटांना कळलं. तिने हात सैल सोडला. मग एकेक पिन वेगळी जाणवू लागली. कुठली हट्टी, कुठली लगेच वळणारी, कुठली नुसतीच बसल्याचं सोंग करणारी. तिला आता सकाळचा जिना आठवत नव्हता, शेजारी आठवत नव्हते. पाठीमागे बाबा आहेत हेही ती विसरली.

खट्.

कुलपाचा आकडा तिच्या तळहातात सुटून आला. तिच्या ओठांवर हसू आलं. किती दिवसांची सवय, शाबासकीसाठी मान मागे वळायला निघालीच होती.

"झालं का गं?" बाबांनी चाचरत विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि कुलूप पोटाशी घट्ट धरून, आवाज होऊ न देता, तिने ते पुन्हा मिटलं.